रबराचं सोवळं

डॅटसन म्हटलं की आपल्याकडे ‘गो’ आठवते. २०१४ साली आली, २०२२ साली गेली, आणि मधल्या काळात ज्यांनी ती घेतली त्यांना सोसायटीतल्या प्रत्येकाने ‘मारुती का नाही घेतली?’ असं विचारून झालं. त्यामुळे आमच्या जावयाने लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्सहून फोनवर ‘बाबा, मी डॅटसन घेतली’ असं अभिमानाने सांगितलं, तेव्हा अभिनंदन करण्याआधी मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, ‘नोकरी ठीक आहे ना गं त्यांची?’

नोकरी ठीक होती. डॅटसनच वेगळी होती. १९७२ सालची टू-फोर्टी झी. लांब नाक, आखूड शेपूट, दोनच माणसांची सोय आणि बॉनेटखाली सहा सिलिंडरांचं २,३९३ सीसीचं इंजिन. जपानमध्ये ही गाडी १९६९च्या अखेरीस ‘फेअरलेडी झी’ म्हणून निघाली. अमेरिकेत डॅटसन विकणाऱ्या युताका काटायामा यांना कळून चुकलं, की असल्या नाजूक नावाची स्पोर्ट्स कार घेऊन इथला गडी पेट्रोलपंपावर उभा राहणार नाही. त्यांनी ती नावपट्टी काढायला लावून साधा आकडा आणि अक्षर लावलं. हे गृहस्थ २०१५ साली वारले, वयाच्या १०५व्या वर्षी. त्यांचे स्वतःचे पार्ट त्यांच्या कुठल्याही गाडीपेक्षा जास्त टिकले.

या गाडीची अमेरिकेतली किंमत ठेवली होती ३,५२६ डॉलर. त्या पैशांत अशा चालीची युरोपियन गाडी फक्त बघून परत येता येत असे. म्हणजे झी जन्माला आली ती पगारदार माणसासाठी. रोज कामावर न्यायची, रविवारी डोंगरात पळवायची, रात्री रस्त्यावर उभी करायची. पुढे आपल्याला देव्हाऱ्यात बसवून लोक नट-बोल्टांना मखमलीने पुसतील, अशी तिला घडवणाऱ्यांना कल्पना असती, तर त्यांनी पहिल्याच दिवशी किंमतीपुढे एक शून्य वाढवलं असतं.

जावयाची रोजची गाडी विजेवर चालते. ती आवाज करत नाही, बिघडत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. झी मात्र घरातल्या प्रत्येक जेवणाला हजर असते. आम्ही उन्हाळ्यात तिकडे गेलो तेव्हा विमानतळावरून घरी पोचल्यावर पाण्याआधी मला गॅरेज दाखवण्यात आलं. लगेच फेरीही झाली. टॉरन्सचा रस्ता म्हणजे डोळे मिटून चालावं असा. तरीही गाडी निघाली तशी पुढून कुईं, मागून टण्ण आणि मधून, नेमकी माझ्या सीटखालून, खडखड सुरू झाली. मी सीटची कड घट्ट धरली. जावई प्रसन्न होते.

‘हा आवाज?’ मी विचारलं.

‘कॅरेक्टर आहे बाबा. जुन्या गाडीला कॅरेक्टर असतं.’

मी सिव्हिल इंजिनिअर. आमच्या खात्यात बांधलेली वस्तू हलली तर तिला कॅरेक्टर म्हणत नाहीत, चौकशी लावतात. पण जावयापुढे सासऱ्याने तोंड उघडायचं नसतं, म्हणून गप्प बसलो.

हे कॅरेक्टर प्रकरण एकट्या जावयाचं नव्हतं. शनिवारी सकाळी कॉफीच्या निमित्ताने झीवाल्यांचा घोळका जमतो. त्यांच्या गाड्या वेगवेगळ्या रंगांच्या, पण आवाज एकच. प्रत्येकाची कुईं, प्रत्येकाची टण्ण. प्रत्येक जण सांगत होता, की त्या काळी गाड्या अशाच असायच्या, खऱ्या मर्दाच्या, रस्ता पाठीच्या मणक्याला कळायचा. ऐकणारे माना डोलवत होते. त्यांतले बहुतेक जण ‘त्या काळी’ जन्मलेलेसुद्धा नव्हते.

या तत्त्वज्ञानाला सुरुंग लावला तो जवळच्या गार्डेना गावातल्या एका म्हाताऱ्या जपानी-अमेरिकन मेकॅनिकने. निसानचं अमेरिकेतलं मुख्य कार्यालय बरीच वर्षं याच भागात होतं, त्यामुळे इथे झीचे जुने वैद्य अजून सापडतात. त्यांनी गाडी वर घेतली, मागच्या आर्मच्या बुशवर अंगठ्याचं नख रोवलं. नख रुतलं नाही. नुसता काळा भुगा पडला. म्हणाले, ‘नवी झी मी चालवली आहे. ती आवाज करत नव्हती. हे रबर मेलंय.’ एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीकडे वळले. जावयाच्या चेहऱ्यावरून कळलं, की पन्नास वर्षांचा इतिहास त्या भुग्याबरोबर खाली पडला.

आता हे रबर काय भानगड आहे ते सांगतो. झीची चारही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. त्या किंमतीच्या गाडीत मागे सहसा एक अखंड अ‍ॅक्सल असे आणि एका चाकाला बसलेला दणका दुसऱ्यालाही भोगावा लागे. झीत प्रत्येक चाकाला उभा स्ट्रट आहे. त्याच्या पोटात तेलाचा शॉकअप, वर स्प्रिंग, आणि खालून त्याला जागेवर धरणारा लोखंडी आर्म. हा आर्म जिथे जिथे गाडीला जोडला जातो तिथे बुश असतो. बुश म्हणजे एकात एक अशा दोन पोलादी नळ्या आणि मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. चाक हललं की रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. रस्त्याचे शिव्याशाप आपल्यापर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम.

पण रबर हे मर्त्य आहे. ऊन, तेल, हवेतला ओझोन आणि नुसतं वय त्याला पुरतं. गाडी लाख मैल पळवा किंवा चादर घालून गॅरेजात ठेवा, काही दशकांत ते चिरतं, कडक होतं आणि लोखंड लोखंडाशी थेट बोलायला लागतं. तेच आपलं कॅरेक्टर.

म्हणून ठरलं : सस्पेन्शन खाली उतरवायचं आणि गाडी कारखान्यातून आली तशी करायची. मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. जावयाचा मान मोठा. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला बोलावून अनारशांसकट चांदीचं ताट दिलं, तेव्हा हिशोब मिटला असं मी समजत होतो. पण गाडीखाली आडवं पडून बॅटरी धरणे हे वाण राहिलं होतं.

पुढचं सगळं सरळ सुटलं. मग आम्ही मागे आलो आणि स्पिंडल पिनशी गाठ पडली.

जगात कुठेही झीवाल्यापुढे या पिनचं नाव काढा, तो आधी डोळे मिटतो. मागच्या स्ट्रटचा पाय आर्मच्या दोन बोटांमध्ये बसतो आणि त्या सगळ्यातून एक लांब पोलादी पिन आरपार जाते. तिच्या मध्यावर एक खाच आहे. त्या खाचेत आडवी, निमुळती, करंगळीएवढी लॉक पिन ठोकलेली. कागदावर फार सुबक आहे. टोकांचे नट काढा, लॉक पिन काढा, मोठी पिन बाहेर ओढा. फक्त मोठी पिन आणि बिडाचं भोक यांच्यामध्ये पन्नास वर्षांचा गंज संसार मांडून बसलेला असतो. त्यामुळे नट निघतात, लॉक पिनही रडतरडत निघते, आणि मोठी पिन जागची ढिम्म हलत नाही.

जावयांनी पहिल्यांदा लाकडाचा ठोकळा ठेवून हळूच ठोकलं. मग लाकूड काढून ठोकलं. मग सभ्यता काढून ठोकलं. पिनचं टोक फुलून आलं, आटे गेले, पण आत काही हललं नाही. गंजावरचं तेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी तेल जमिनीवर होतं. ज्योतीने तापवलं. रबर जळल्याचा असा वास सुटला, की शेजारीण चौकशीला आली आणि आमची सौभाग्यवती तिला ‘भाजी लागली’ असं सांगून मोकळी झाली. पिन ओढायला एक खास ओढणी मिळते, तीही आणली. तिने पिन सोडून स्वतःचेच आटे सोडले.

सौ. चहा घेऊन यायची, गाडीखाली डोकावायची आणि विचारायची, ‘अजून तीच का?’ या तीन शब्दांत तिने माझ्या आणि जावयाच्या एकत्रित अभियांत्रिकी शिक्षणाचा निकाल लावला.

शेवटी करवत लावली. आर्म आणि स्ट्रट यांच्या मधल्या फटीत पातं घालून पिन दोन्हीकडून कापली, आणि स्ट्रट उचलून एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसखाली नेला. प्रेसवाल्याने दाब वाढवत नेला. काटा चढत होता, कुणी बोलत नव्हतं. मग बंदूक सुटावी असा धाडकन आवाज झाला आणि पिनचा तुकडा खालच्या पत्र्यावर पडला. तिथल्या सगळ्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. जावयाने तो गरम तुकडा रुमालात गुंडाळून खिशात घातला. असा भाव मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

जुनं काढून झालं. आता नवं काय बसवायचं? इथून सोवळं-ओवळं सुरू झालं.

ओरिजिनलवाल्यांची पंगत ठरलेली असते. पहिल्या पाटावर बसतो तो त्या काळात बनून कधीच न वापरला गेलेला पार्ट, जुन्या खोक्यात, पार्ट नंबरच्या चिठ्ठीसकट. दुसऱ्या पाटावर कंपनीने अलीकडे बनवलेला. तिसऱ्यावर दुसऱ्याच कुणी बनवलेली हुबेहूब नक्कल. आणि अंगणात, वेगळ्या पत्रावळीवर, पॉलियुरेथेन. हे लाल-काळं प्लॅस्टिकसारखं बुश जवळजवळ अमर असतं, गाडी वळणात खिळ्यासारखी धरून ठेवतं, आणि ग्रीस कमी पडलं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर किंचाळतं. त्याच्या भक्तांना ओरिजिनलवाले आपल्यात घेत नाहीत. भक्त त्यांना ‘म्युझियमवाले’ म्हणतात. पुढच्या चाकाला मागे-पुढे जाऊ न देणारा एक रॉड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना कडक पॉलियुरेथेन घातलं तर रॉडला पिळायला जागा राहत नाही आणि तो चक्क तुटू शकतो, असा जुन्या-जाणत्यांचा अनुभव. म्हणून तिथे एका बाजूला रबर आणि एका बाजूला पॉलियुरेथेन घालतात. एवढ्या एका ठिकाणी दोन्ही पंथ एका ताटात जेवतात.

आमचे जावई कर्मठ. त्यांनी लिलावात पहिल्या पाटावरचा बुश मिळवला. किंमत मुलीला सांगितली नाही, मलाही सांगितली नसती, पण मी पावती पाहिली. खोकं आलं. पिवळं पडलेलं, कोपरे शाबूत, छपाई स्वच्छ. जावयांनी हात धुऊन ते उघडलं. आत कोरा करकरीत बुश. कुणी हात न लावलेला. मी सहज अंगठ्याचं नख रोवलं.

काळा भुगा पडला.

पन्नास वर्षं खोक्यात बसलेलं रबरही पन्नास वर्षांचंच असतं, ही गोष्ट त्या पंगतीत कुणाला सुचलेली नव्हती. गाडीचा पत्रा, काच, घड्याळ, अगदी सीटचं कापडसुद्धा सांभाळून ठेवता येतं. पण गाडी ज्यामुळे पहिल्या दिवशी तशी चालत होती, ती गोष्ट सांभाळून ठेवताच येत नाही. ती नवी करावी लागते. मी हे बोलून दाखवलं. जावई म्हणाले, ‘बाबा, बॅटरी जरा वर धरा.’

कंपन्यांना मात्र हे उमगलेलं दिसतं. होंडाने १९९३ पासूनच जपानात स्वतःच्या एनएसएक्स ताज्या करून द्यायला सुरुवात केली. माझदाने २०१७ साली हिरोशिमात पहिल्या पिढीची रोडस्टर पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली आणि तिच्यासाठी जुन्या जातीचे टायरसुद्धा ब्रिजस्टोनकडून नव्याने बनवून घेतले. त्याच वर्षी निसानने आर-३२ स्कायलाइन जीटी-आरचे बंद पडलेले पार्ट पुन्हा काढले. टोयोटाने एई-८६ कोरोलासाठी स्टिअरिंगचे नकल-आर्म पुन्हा बनवले. आणि खुद्द झीच्या बाबतीत निसानने १९९७च्या सुमारास अमेरिकेत जुन्या गाड्या विकत घेऊन, खिळा न् खिळा सुटा करून, नव्यासारख्या बांधून, सुमारे २५ हजार डॉलरला शोरूममधून विकल्या होत्या. ठरवल्या होत्या २००. झाल्या त्याच्या पाव हिश्श्याहून कमी. कारखान्यात जे काम मिनिटांत होतं तेच पुन्हा करायला महिने लागतात, हे कंपनीला स्वतःच्या खर्चाने कळलं. आमच्या गॅरेजात ते फुकट कळलं होतं.

मधल्या काळात जावई मला लाँग बीचला जुन्या जपानी गाड्यांच्या मेळाव्याला घेऊन गेले. २००५ पासून हा भरतो. समुद्राकाठची हिरवळ आणि ओळीने चकचकीत गाड्या. मी समजत होतो लोक गाड्या बघतात. लोक होज-क्लॅम्प बघतात. एका झीच्या पोटाशी चार माणसं गुडघ्यावर बसून बोल्टवरच्या पिवळसर जस्ताच्या मुलाम्याची छटा बरोबर आहे का, यावर वाद घालत होती. एका मालकाने तर कारखान्यात तपासनीस बोल्टवर रंगाचा ठिपका देत, तसे ठिपके जुने फोटो पाहून स्वतः दिले होते. तो मूळ तपासनीस बिचारा शिफ्ट संपायची वाट बघत ब्रश फिरवून गेला असेल. त्याच्या फराट्याची इतकी भक्ती होईल हे त्याला कळलं असतं तर त्याने सही केली असती. हे वेड पोरकट म्हणून सोडून देता येत नाही, कारण जानेवारी २०२०मध्ये एका जवळजवळ अस्पर्श १९७१च्या झीला इंटरनेटवरच्या लिलावात ३ लाख १० हजार डॉलर मिळाले. पगारदार माणसाची गाडी आता पगारात येत नाही.

त्या सगळ्या तपासणीत बुश कुणी बघत नव्हतं. तो दिसत नाही, त्याला गुण नाहीत.

मला त्या हिरवळीवर शेखर मेहता आठवले. युगांडात जन्मलेला, केनियाच्या झेंड्याखाली धावणारा हा भारतीय वंशाचा गडी. १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली त्यांनी याच टू-फोर्टी झीत जिंकली, आणि तीही कशी, तर दुसऱ्या डॅटसनमधल्या हॅरी शेलस्ट्रमशी गुण बरोबरीत सुटल्यावर. पुढे आणखी चार वेळा जिंकले. केनियाचे ते रस्ते म्हणजे कधी धूळ, कधी चिखल, कधी रस्ताच नाही. तिथे मुक्काम आला की शॉकअप काढून दुसरा घालत आणि पुढे निघत. बोल्टचा मुलामा कोणत्या छटेचा हे विचारायला कुणाला सवड नव्हती. पत्रा चेपलेला, दिवे फुटलेले, पण चाकं जमिनीला धरून. झीचा खरा स्वभाव कुठला, हे मेहतांना विचारायला हवं होतं. मखमलवाल्यांना नव्हे.

अखेर नव्याने ओतलेलं, दुसऱ्या पाटावरचं रबर आलं. बुश प्रेसने बसले, नवे शॉकअप बसले, नव्या स्पिंडल पिना गेल्या, आणि पुढच्या पिढीला शिव्या द्यायला लागू नयेत म्हणून जावयांनी त्यांना ग्रीसमध्ये न्हाऊ घातलं. एक शेवटचा नियम उरला होता. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना आवळायचे नसतात. आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी आपल्या चाकांवर, आपल्या वजनाने उभी हवी. जावयांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं, की आत दोन माणसं बसलेली असतील तर उत्तम. मग सौ. आणि मुलगी आत बसल्या, मी आणि जावई खाली शिरलो. वजनाचा विषय खालून कुणी काढायचा नाही, एवढी अट वरून आली.

फेरीला निघालो. त्याच रस्त्याने. पुढून काही नाही, मागून काही नाही. सीटखालून काही नाही. खाचेवरून चाक गेलं तेव्हा एक मऊ ‘धप्’ झालं आणि संपलं. वळणावर गाडी शहाण्यासारखी वळली. ५० वर्षांपूर्वी ३,५२६ डॉलरमध्ये लोकांना काय मिळत होतं, ते पहिल्यांदा कळलं. रॅली मारणारी गाडी, आणि तरी कामावर जाताना डबा न सांडणारी.

संध्याकाळी जावयाचा एक झीवाला मित्र आला. नागपूरचा. त्याची झी १९७१ची, कुईंसकट. त्याने आमच्या गाडीची फेरी मारली, उतरला, आणि बराच वेळ टायरकडे बघत राहिला.

‘मस्त झालीय रे,’ तो म्हणाला. ‘पण ती मजा गेली. कॅरेक्टर गेलं.’

‘तुझेही बुश बदलून टाकू,’ जावई म्हणाले. ‘आता मला येतं.’

‘छे, छे. माझी अजून कारखान्यातलीच आहे.’ मग त्याची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. त्यात आम्ही काढलेले जुने बुश पडले होते, चिरलेले, अर्धे जळलेले. तो वाकला, एक उचलला, उजेडात धरून त्यावरचा शिक्का वाचला. ‘हे ७२चे ओरिजिनल? टाकणार आहेस?’

जावई काही बोलणार, तेवढ्यात मी बॅटरी खाली ठेवली आणि पुढे झालो. एवढे दिवस गाडीखाली पडून मला व्यवहार कळला होता. भाव सांगितला. त्याने घासाघीससुद्धा केली नाही. डबा छातीशी धरून त्याने विचारलं, ‘आणि ती कापलेली स्पिंडल पिन?’

म्हटलं, ‘तिचे वेगळे पडतील.’